रहस्य ठाऊक असूनही भीती का वाटते? जुने भयपट, गूढ मालिका आणि कार्टून पुन्हा पाहताना

प्रश्न : वाचनवेडी, अमळनेर

नमस्कार. आमच्या वाचक मंडळाने यंदाच्या दिवाळीनंतर दर शनिवारी संध्याकाळी जुने भयपट, दूरदर्शनच्या काळातील गूढ मालिका आणि आपल्या लहानपणीची कार्टून एकत्र बसून पाहण्याचे ठरवले असून निवडीची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. प्रेक्षकांत सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक असतील, तशीच आठवी-नववीतील मुले-मुलीही असतील.

निवडीसाठी यांतले बरेच काही मी अलीकडे पुन्हा पाहिले, आणि त्यातून जे कोडे उभे राहिले ते येथील जाणकारांपुढे मांडते. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या ‘महल’चा शेवट मला पाठ आहे, त्या हवेलीत भूत नाही, एका जिवंत मुलीने रचलेला तो सारा खेळ आहे, हे मला पहिल्या दृश्यापासून ठाऊक असते. तरीही घड्याळाचे ठोके पडून ‘आएगा आनेवाला’चे पहिले स्वर दुरून येऊ लागले की अंगावर काटा येतोच. बिरेन नाग यांचा ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि राज खोसला यांचा ‘वह कौन थी’ (१९६४) यांचेही तेच. उलगडा माहीत असून पकड सुटत नाही.

याच्या उलट अनुभव रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’चा आला. १९८४ साली तो आला तेव्हा आमच्या शाळेतल्या मुली त्याचे पोस्टर लावलेल्या भिंतीवरून जाताना मान फिरवीत असत. आता तो पाहिला तेव्हा मला काहीच वाटले नाही, आणि शेजारी बसलेला माझा भाचा त्यातला राक्षस सामरी पडद्यावर येताच मोठ्याने हसला. हाच भाचा १९८५ मधील ‘विक्रम और बेताल’चे भाग मात्र एकामागून एक शांतपणे पाहत राहिला, आणि त्यातील चमत्कृतिदृश्ये तर रामसेंच्या तुलनेत फारच साधी आहेत.

मग भीती नेमकी कशात असते? भुताच्या रूपात नाही, रहस्यातही नाही, तर आणखी कशात? हे कळले तर निवडीला काही आधार मिळेल. कोणत्या प्रती पाहाव्यात आणि मुलांसमोर काय दाखवू नये, याविषयीही कृपया लिहावे.

उत्तर १ : पडद्यामागचा, भुसावळ

ताई, मी भुसावळला चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये बरीच वर्षे प्रोजेक्टर चालवला. ऑपरेटरला एकच चित्रपट आठवडाभर पाहावा लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या खेळानंतर तो पडदा सोडून प्रेक्षकांकडे पाहू लागतो. भयपटाच्या वेळी मला सतत दिसले ते असे की भूत समोर आल्यावर लोक आरडाओरडा करतात, पण खुर्चीचे हात घट्ट धरतात ते त्याच्या आधी, जेव्हा पडद्यावर फक्त रिकामा जिना असतो आणि वरून कुणाच्या तरी पावलांचा आवाज येत असतो.

‘महल’मध्ये हे काम किती विचारपूर्वक केले आहे ते पाहा. लताबाईंनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. तो स्वर दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून त्यांना मायक्रोफोनपासून लांब उभे करण्यात आले आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत त्या हळूहळू चालत मायक्रोफोनजवळ आल्या. अंतर खरोखरच ध्वनिमुद्रित झाले आहे. नंतर कोणी यंत्रावर आवाज कमी-जास्त केलेला नाही, आणि खेमचंद प्रकाश यांनी वाद्येही इतकी मोजकी ठेवली आहेत की त्या अंतरात काही भरून टाकलेले नाही. ती मुलगी जिवंत आहे हे आपल्याला माहीत असले तरी कान त्या अंतराला फसतो. म्हणूनच रहस्य कळल्याने काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती याच मुद्द्याची आहे: त्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या नावाच्या जागी ‘कामिनी’ असे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. आवाज कुणाचा हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

डोळ्यांच्या बाजूने पाहिले तर ‘महल’चे छायाचित्रण योसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचे आहे. हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी ते जर्मनीहून आले होते, आणि तिकडच्या मूकपटांतील काळोख हाताळण्याची रीत त्यांच्याबरोबर इकडे आली. त्यांच्या चौकटीत उजेडापेक्षा अंधाराला जागा जास्त असते, आणि त्या अंधारात काय आहे हे प्रेक्षक स्वतःच ठरवतो. संकलन बिमल रॉय यांचे होते. त्यांनीच पुढे १९५८ साली पुनर्जन्माची कथा घेऊन ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. दोन्ही चित्रपट लागोपाठच्या शनिवारी ठेवलेत तर एका माणसाच्या हातून धुके आणि रिकामे घर कसे पुन्हा येते ते मंडळींना स्पष्ट दिसेल.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेविषयी. चित्रपटगृहाच्या पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि मुख्य स्पीकर त्याच्या मागे उभे असतात, त्यामुळे आवाज चित्रातूनच येतो. दूरचित्रवाणी संचाचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागच्या बाजूला असतात, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तर खालचे स्वर नीट येतच नाहीत. म्हणून वेगळा स्पीकर आणा आणि तो पडद्याच्या अगदी शेजारी, प्रेक्षकांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. खोलीतले सर्व दिवे बंद करा. मध्ये थांबवू नका. मध्यंतर जिथे मुळात आहे तिथेच घ्या. जुन्या भयपटात वाट पाहायला लावणे हेच मुख्य काम असते, आणि चहासाठी चित्रपट थांबवला की दिग्दर्शकाने वीस मिनिटे साठवलेला ताण वाया जातो.

चित्राची चौकटही तपासा. या काळातील कृष्णधवल चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेले आहेत. रुंद पडदा भरून काढण्यासाठी ते ताणले की माणसे बुटकी आणि जाड दिसतात, किंवा वरून-खालून कापले की नेमकी ती उंच दारे आणि छतावरच्या सावल्या नाहीशा होतात.

उत्तर २ : पांझरेकाठी, धुळे

वरील सर्व मान्य करूनही रामसेंविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ‘आता हसू येते’ एवढ्यावर त्यांना निकालात काढले तर एक मोठे काम नजरेआड होईल.

वडील एफ. यू. रामसे यांचा १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ फारसा चालला नाही, पण त्यातील पृथ्वीराज कपूर यांच्या मुखवट्यातील चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देत आहेत हे मुलांनी चित्रपटगृहात बसून हेरले, आणि त्यातून १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. सात भावांनी कामे वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी पाहत. या पहिल्या भयपटासाठी मोजकी मंडळी महाबळेश्वरला मुक्काम करून राहिली. मोठ्या निर्मात्यांनी हात न लावलेला प्रकार एका कुटुंबाने स्वतःच्या बळावर उभा केला आणि तो जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या गावांत, आणि त्याहून लहान गावांत, हाउसफुल्ल चालवून दाखवला.

त्यांचे भय रंगात आहे. गंगू रामसे यांनी लाल, निळा, हिरवा प्रकाश एकाच चौकटीत कसा मांडला आहे, धुराच्या मागून दिवा कसा ठेवला आहे, हे पाहण्यासाठी ‘पुराना मंदिर’ आणि ‘वीराना’ (१९८८) यांच्या अलीकडच्या स्वच्छ प्रती पाहाव्यात. व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतींत हे रंग एकमेकांत मिसळून सारा चिखल झालेला असतो. आपल्या भाच्याने कोणती प्रत पाहिली, हे म्हणून विचारावेसे वाटते.

हसण्याचेही वाईट वाटून घेऊ नये. यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये मी हे चित्रपट पाहिले आहेत. तिथेही लोक हसत, शिट्ट्या वाजवत, नायिकेला ‘मांगे देख, मांगे!’ असे ओरडून सांगत, आणि तरी रात्री शेताच्या वाटेने एकटे परतायला कोणी तयार नसे. हजारभर माणसांनी मिळून घाबरण्याची ती रीत होती. बंद खोलीत दोघांनी पाहिल्यावर तिचा अर्धा भाग उरत नाही, यात चित्रपटाचा दोष नाही.

मुलांपुरते मात्र स्पष्ट सांगतो : रामसेंचे बहुतेक भयपट प्रौढांसाठीच्या ‘ए’ प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाले. आठवी-नववीसमोर ते ठेवू नयेत.

उत्तर ३ : छायाप्रकाश, चाळीसगाव

मी मूकपटांकडे लक्ष वेधतो, कारण त्यांच्यावर जो हसण्याचा प्रसंग येतो त्याला बहुतेक वेळा यंत्र कारणीभूत असते.

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ १९२२ चा. तो ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर विनापरवाना बेतल्यामुळे ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या काही प्रतींमुळे तो वाचला. आज त्याच्या असंख्य प्रती सहज मिळतात, पण त्यांत दोन मोठे दोष आढळतात. पहिला वेगाचा. मूकपट सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी या गतीने चित्रित होत. ते बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने चालवले की माणसे तुरुतुरु पळतात आणि भयाचे विनोदात रूपांतर होते. दुसरा रंगाचा. त्या काळी रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित करून नंतर फिल्मला निळी छटा देत असत. ती छटा गाळलेल्या कृष्णधवल प्रतीत रक्तपिपासू सरदार भर दुपारी रस्त्याने शवपेटी घेऊन जाताना दिसतो, आणि सूर्यप्रकाशाने जो मरतो तो उन्हात कसा हिंडतो, असे मुलांनी विचारले तर ते अगदी योग्यच ठरते. म्हणून योग्य गतीची, मूळ छटा परत दिलेली प्रतच घ्या.

जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची कथाही ऐकण्यासारखी आहे. वितरकाने ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलले आणि नव्या शीर्षकपाटीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहून गेली. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार त्यामुळे हक्कच उरला नाही आणि कुणीही कशीही प्रत काढून विकू लागला. आपण पाहिलेल्या धुरकट, करकरणाऱ्या प्रती त्यांतल्याच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आणि फिल्म फाउंडेशनने २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याची नवी स्वच्छ प्रत तयार केली, तेव्हा त्यातील गवताची पातीदेखील वेगवेगळी दिसू लागली. हा चित्रपट केवळ मोठ्यांसाठी ठेवावा.

चाळीसगावचा म्हणून एक सूचना करतो. आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश सोडून, विस्तीर्ण निसर्गदृश्ये भासावीत अशी छायाचित्रे काढीत. आपल्या घराबाहेर ते क्वचितच पडत. सारे जग त्यांनी त्या टेबलावर उभारले. जुन्या भयपटांतील किल्ले, वादळे आणि दऱ्या याच विद्येतून आलेल्या आहेत. चित्रपट दाखवण्यापूर्वी मुलांना एकदा त्यांचे कलादालन दाखवून आणले, तर लहान प्रतिकृती वापरली आहे हे ओळखून मुले हसणार नाहीत, ती कशी केली असेल हे शोधू लागतील. माझ्या शाळेतील मुलांबाबत हे घडलेले मी पाहिले आहे.

उत्तर ४ : सातपुड्याची लेक, शहादा

ताई, आपल्या भाच्याला ‘विक्रम और बेताल’ने का धरून ठेवले, याचे उत्तर मला त्या कथेच्या बांधणीतच दिसते. राजाने बोलायचे नाही ही अट आहे. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. भय येथे भुताच्या दातांत नाही, तोंड उघडावे की नाही या पेचात आहे. रामानंद सागर यांच्या मालिकेत सज्जन यांनी वेताळ केला आणि अरुण गोविल यांनी राजा. सज्जन यांचे हसणे आणि गोविल यांचे मौन यांवर सारा भाग तोलला जातो. हा पेच सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’पासून चालत आला आहे. भुसावळच्या काकांनी वाट पाहायला लावण्याविषयी जे लिहिले ते इथेही लागू पडते.

१९८४ मध्ये देशभर दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने वाढले आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतही गच्चीवरच्या अँटेना सरळ उभ्या राहू लागल्या. त्या पिढीचा गूढतेशी परिचय टीव्हीवरून झाला. मुंबई दूरदर्शनची मराठी ‘एक शून्य शून्य’ ज्यांना आठवते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनीच पुढे १९९५ मध्ये ‘आहट’ आणि १९९८ मध्ये ‘सी.आय.डी.’ केली. पोलीस तपास आणि भुताटकी ही दोन टोके एकाच दिग्दर्शकाने हाताळली, आणि ‘आहट’च्या सुरुवातीच्या भागांत तपासाची ती शिस्त जाणवते.

कार्टूनविषयी माझा आग्रह १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कूबी-डू’साठी आहे. प्रत्येक भागात भूत, प्रत्येक भागात शेवटी मुखवटा निघतो आणि आत जमीन लाटू पाहणारा किंवा खजिना लपवणारा माणूस असतो. ‘महल’ आणि ‘बीस साल बाद’ जे मोठ्यांना सांगतात, तेच इथे मुलांना सांगितले जाते. चित्रे काटकसरीने काढलेली आहेत, पळण्याच्या दृश्यांत मागची भिंत पुन्हा पुन्हा येते, पण गोष्टीला त्याने बाधा येत नाही.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. आमच्या सातपुड्यात ‘डाकीण’ हा पडद्यावरचा विषय नाही. एखाद्या बाईला, बहुधा विधवेला किंवा एकटीला, डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार नंदुरबार जिल्ह्यात घडत आले आहेत. त्यामागे अनेकदा जमिनीचा वाद किंवा घरातील एखादे आजारपण असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा कृत्यांना शिक्षा ठरवली आहे, परंतु कायद्याइतकेच काम मनाच्या मशागतीचे आहे. म्हणून मुलांच्या शनिवारी चेटकीण खरी असलेला चित्रपट ठेवायचा की मुखवटा काढणारा, हा प्रश्न मला केवळ रुचीचा वाटत नाही. मोठ्यांनी ‘वीराना’ जरूर पाहावा, त्यातील प्रकाशयोजना मीही आवडीने पाहते. पण त्यानंतर अर्धा तास चर्चेला ठेवावा आणि डाकीण प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला बोलवावे.

अगदी लहान मुले आली तर ‘एक अनेक और एकता’ (१९७४) विसरू नका. विजया मुळे यांचे दिग्दर्शन, भीमसेन यांची चित्रे, वसंत देसाई यांचे संगीत. भयाशी त्याचा संबंध नाही, तरी भयपटानंतर घरी जाण्यापूर्वी तो दाखवावा असे मला वाटते.

वाचनवेडी, अमळनेर

सर्वांचे मनापासून आभार. मुलांचे आणि मोठ्यांचे शनिवार आम्ही वेगळे करीत आहोत, आणि चाळीसगावची भेट निश्चित केली आहे. शहाद्याच्या ताईंनी लिहिलेला मुद्दा मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. भाच्याने पाहिलेली प्रत, धुळ्याच्या दादांनी विचारले तशी, कॅसेटवरून उतरवलेलीच होती. एकच शंका उरते : सार्वजनिक ठिकाणी हे चित्रपट दाखवण्यास परवानगी लागते का? मराठी म्हणून वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) ठेवण्याची सगळ्यांची इच्छा आहे. हृदयनाथ मंगेशकर यांची गाणी इथे अनेकांना तोंडपाठ आहेत.

पडद्यामागचा, भुसावळ

ताई, आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने ‘महल’, ‘मधुमती’, ‘बीस साल बाद’ आणि ‘वह कौन थी’ यांची मुदत संपलेली आहे. ‘वह कौन थी’ची २०२४ अखेर संपली. ‘हा खेळ सावल्यांचा’ २०३६ अखेरपर्यंत आणि ‘पुराना मंदिर’ २०४४ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी आजच्या हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्यावी. मालिका आणि कार्टून यांनाही तोच नियम लावून पाहावा. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा पत्र आताच पाठवा आणि ती येईपर्यंत सुरुवात ‘महल’ने करा. स्पीकर भाड्याने घेण्याआधी गाण्याची पहिली दोन मिनिटे त्यावर वाजवून, खोलीच्या शेवटच्या रांगेत बसून ऐका; दुरून येणारा तो आवाज तिथे दुरूनच आला पाहिजे.